ग्लायसिन, लॅक्टिक आम्ल आणि आठ ओल्या-कोरड्या फेऱ्या : प्रकल्पाच्या नोंदी

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातलं, रसायनशास्त्र विभाग लहान. तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी (एक मुलगा, एक मुलगी), मी आणि प्रयोगशाळेतले मामा, एवढीच माणसं. ह्या नोंदी मुद्दाम सविस्तर ठेवल्या आहेत. हाच प्रयोग दुसऱ्या एखाद्या कॉलेजात कोणी करायला घेतला तर आमचे फुकट गेलेले आठवडे तरी त्यांचे वाचावेत.

१६ जून

विषय ठरला. १९५३ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून ठिणग्या काढून अमिनो आम्लं मिळवली, हे पाठ्यपुस्तकात असतं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक, पण सुटी अमिनो आम्लं म्हणजे सुटे मणी. जीवसृष्टीच्या आधी त्यांची माळ, म्हणजे पेप्टाइड, पाण्यात कशी ओवली गेली असेल? दोन मणी जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो, आणि भोवती सगळं पाणीच. मुलांना हा अडथळा लगेच पटला. मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे वाळवायला पाहिजे."

तेच करायचं आहे. जॉर्जिया टेकमध्ये निकोलस हड यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं होतं की अमिनो आम्लासोबत लॅक्टिक आम्लासारखं हायड्रॉक्सी आम्ल घेऊन मिश्रण साधारण ८५ अंशांना पुन्हा पुन्हा वाळवलं आणि भिजवलं, तर आधी एस्टर बंध (आम्ल आणि हायड्रॉक्सिल गट यांचा जोड) तयार होतात आणि मग त्या एस्टरवर अमाइन, म्हणजे अमिनो आम्लाचा नायट्रोजनवाला गट, येऊन बसतं आणि अमाइड बंध होतो. एस्टर सहज जुळतो, सहज तुटतो. अमाइड एकदा झाला की टिकतो (दोन अमिनो आम्लांमधला अमाइड म्हणजेच पेप्टाइड बंध). नुसतं ग्लायसिन, म्हणजे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, ह्या तापमानाला ढिम्म राहतं.

पुण्यात आयसर ह्या विज्ञान संशोधन संस्थेत सुधा राजमणी यांचा गट ह्याच विषयावर काम करतो. त्यांचा २००८ चा शोधनिबंध मुलांना वाचायला दिला. त्यात लिपिडांच्या (मेदासारख्या रेणूंच्या) सोबतीने न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचे घटक, वाळवून-भिजवून आरएनएसारख्या साखळ्या केल्या आहेत. न्यूक्लिओटाइड आपल्या खिशाला झेपणारे नाहीत. ग्लायसिन झेपतं.

१९ जून

खरेदी. ग्लायसिन, निनहायड्रिन (अमिनो आम्लाला जांभळा रंग देणारं रसायन), फॉर्मॅलिन, ब्युटेनॉल आणि व्हॉटमन नं. १ चा कागद कपाटात निघाला. लॅक्टिक आम्लाची ९० टक्क्यांची अर्धा लिटरची बाटली ६८० रुपयांना आणली. ओव्हन जुना आहे, त्याच्या खटक्यावर १ ते १० आकडे. ५ म्हणजे किती अंश ते कोणालाच माहीत नाही. मुलाच्या घरी पोल्ट्री आहे. तो अंडी उबवायच्या पेटीला लावतात तो डब्ल्यू १२०९ नावाचा कंट्रोलर घेऊन आला, २२० रुपये. ११० अंशांपर्यंत चालतो, आम्हाला तेवढं पुष्कळ.

माप असं : ०.७५ ग्रॅम ग्लायसिन आणि १.० ग्रॅम लॅक्टिक आम्ल १०० मिलीमध्ये, म्हणजे दोन्हींचे रेणू सारखेच (०.१ मोलर). प्रत्येक छोट्या बीकरमध्ये ५ मिली. तीन गट : नुसतं ग्लायसिन, नुसतं लॅक्टिक, आणि दोन्ही मिळून.

२४ जून

पहिली फेरी. संध्याकाळी ५ ला ओव्हनमध्ये, सकाळी १० ला बाहेर. ग्लायसिनच्या बीकरमध्ये पांढरी खरखरीत खपली. मिश्रणाचा बीकर मात्र पारदर्शक, चिकट. काचकांडी लावून उचलली तर तार येते, अगदी एकतारी पाकासारखी. मुलीने त्याचे फोटो काढले. दिवसभर ५ मिली पाणी घालून ६० अंशांच्या वॉटर बाथवर, संध्याकाळी परत ओव्हन. ही एक फेरी.

२८ जून

चार फेऱ्या झाल्या. बाययुरेट, म्हणजे पेप्टाइड बंध ओळखायची कॉपरची चाचणी केली, मिश्रणात गडद निळा रंग आला आणि मुलं नाचायलाच लागली. मीही क्षणभर फसले. मग ताज्या, न तापवलेल्या ग्लायसिनवर तीच चाचणी करायला लावली. तोच गडद निळा. कॉपर सुट्या ग्लायसिनशीही जुळतं आणि निळं होतं. पेप्टाइडचा रंग जांभळट असतो, तोही किमान दोन पेप्टाइड बंध असतील तरच. एवढ्या ग्लायसिनच्या निळ्यात तो जांभळा असता तरी दिसला नसता. बाययुरेट बाद.

१ जुलै

कागदी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कागदावर द्रव चढवून मिश्रणातले घटक वेगळे करणं. ब्युटेनॉल, असेटिक आम्ल, पाणी ४:१:१. कागद चढायला साडेसहा तास. निनहायड्रिन फवारून तापवला तर ग्लायसिनचा ठिपका बरोबर आला, आणि कडेने वीस-पंचवीस जांभळे ठिपके. ते सगळे बोटांचे ठसे होते. घामातली अमिनो आम्लं. मुलाचा अंगठा तर असा उमटला होता की पोलिसांना देता आला असता. आता कागद फक्त चिमट्याने धरायचा, हातमोजे घातले तरी.

नव्या कागदावर ठसे नाहीत आणि नवीन ठिपकाही नाही. एकच ग्लायसिन, ताज्या नमुन्यासारखंच.

३ जुलै

मुलं हिरमुसली. मी म्हटलं, आधी तापमान बघू. कंट्रोलरवर ८५ दिसत होतं. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडम, हा आकडा हवेचा आहे. भांड्यात एवढं नसणार. आमच्याकडे दुधाचं तसंच होतं, चूल रसरसलेली असते आणि दूध कोमट." काचेचा थर्मामीटर ग्लिसरीनच्या बीकरमध्ये बुडवून ओव्हनमध्ये ठेवला. ७१ अंश.

चारही फेऱ्या ७१ वर गेल्या. कंट्रोलरचा सेन्सर आता ग्लिसरीन भरलेल्या एका वेगळ्या व्हायलमध्ये बुडवून नमुन्यांच्या मधोमध ठेवला आहे. त्याने आकडा हळू चढतो, पण खरा चढतो. खालच्या जाळीवर ८९, वरच्या जाळीवर ८३. म्हणून सगळे नमुने एकाच जाळीवर.

५ जुलै

दुसरी अडचण जास्त खोल निघाली. आपण नक्की काय शोधतोय, असं मुलीने विचारलं आणि फळ्यावर रेणू काढायला घेतला. लॅक्टिक आम्ल ग्लायसिनच्या अमाइनवर जाऊन बसलं की ते अमाइन झाकलं जातं. निनहायड्रिनला रंग द्यायला तेच मोकळं अमाइन लागतं. म्हणजे जे तयार व्हावं असं आम्हाला वाटत होतं, तेच आमच्या रंगाला दिसणार नव्हतं! हा कागद कितीही वेळा चालवला असता तरी उरलेलं ग्लायसिनच दाखवत राहिला असता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आता उलट बाजूने जायचं. मोकळं अमाइन किती कमी झालं ते मोजायचं. त्याला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचं फॉर्मॉल टायट्रेशन पुरतं. नमुना फिनॉल्फ्थॅलिनच्या फिक्या गुलाबीपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करायचा, फॉर्मॅलिन घालायचं, गुलाबी जातो, आणि परत गुलाबी यायला जेवढं ०.१ नॉर्मल अल्कली लागतं तेवढं अमाइन. ५ मिली ताज्या नमुन्याला ५.० मिली लागायला हवं.

९ जुलै

ताज्या ग्लायसिनला ५.३ लागलं. चार वेळा केलं, ५.३च. नुसत्या पाण्याला ०.३. फॉर्मॅलिनची बाटली जुनी आहे, त्यात फॉर्मिक आम्ल झालं आहे. फॉर्मॅलिन वापरण्याआधी वेगळ्या फ्लास्कमध्ये तेही गुलाबीपर्यंत उदासीन करायचं. मग ५.० बरोबर आलं. फॉर्मॅलिनचं काम फ्यूम कपाटातच, डोळे चुरचुरतात.

७१ अंशांचे चार फेऱ्यांचे नमुने फ्रीजमध्ये ठेवले होते, त्यातल्या मिश्रणाला ४.९. जवळजवळ काहीच नाही.

१२ जुलै

आणखी एक उघड गोष्ट. लॅक्टिक आम्लाच्या बाटलीतून थेंब घेऊन एस्टरची चाचणी केली, हायड्रॉक्सिलअमाइन घालून तापवून मग फेरिक क्लोराइड. वाइनसारखा लालसर रंग आला. काहीही न वाळवता! ९० टक्क्यांच्या लॅक्टिक आम्लात रेणू आपापसांत जुळून एस्टर झालेले असतातच. म्हणजे आमची सुरुवातच शून्यापासून नव्हती.

उपाय : १ ग्रॅम लॅक्टिक ५० मिली पाण्यात सहा तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात पाडत उकळणं), मग थंड करून ग्लायसिन घालून १०० मिली. त्यानंतर चाचणीत लाल येत नाही, फक्त पिवळा. तो पिवळा फेरिक आणि लॅक्टेटचा आहे, त्याला एस्टर समजू नका. आम्ही अर्धा दिवस समजलो होतो.

१५ जुलै

दुसरा संच सुरू. उकळलेलं लॅक्टिक, सेन्सर ग्लिसरीनमध्ये, आठ फेऱ्या. प्रत्येक गटात बरेच बीकर.

१८ जुलै

मधल्या वेळात काळ्या मातीचा उपद्व्याप. दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइटच्या जातीची चिकणमाती भरपूर. उन्हाळ्यात हातभर भेगा, पावसाळ्यात फुगून लोळागोळा. ओल्या-कोरड्या फेऱ्या ती आपणहून करतेच. अशा मातीच्या थरांवर रेणू चिकटून एकत्र येतात, ही कल्पना शास्त्रज्ञ बर्नाल यांनी गेल्या शतकाच्या मध्यात मांडली होती, आणि १९७८ मध्ये लहाव, व्हाइट आणि चँग यांनी मातीवर ग्लायसिन वाळवून-भिजवून छोटे पेप्टाइड दाखवले. मुलगा घरच्या रानातली माती पिशवीत घेऊन आला.

माती नुसती पाण्यात ढवळून गाळलेल्या पाण्यालाच निनहायड्रिनने जांभळा रंग दिला. रानातली माती, शेणखत, मुळं, अमिनो आम्लं असणारच. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळायला गेलो तर फेस बीकरबाहेर येऊन टेबलभर चिखल झाला. मग अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतात ते बेंटोनाइट (ह्याच जातीची चिकणमाती) इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलं, तर ती पावडर काळीकुट्ट, ग्राफाइट मिसळलेली. हा फाटा इथेच सोडला. ज्याला करायचा असेल त्याने शुद्ध बेंटोनाइट घ्यावं आणि सेंट्रिफ्यूज असेल तरच हात घालावा. ते गाळणकागदातून खाली येत नाही, कागदावरच फुगून बसतं.

२२ जुलै

लाईट गेली, रात्री साडेअकरा ते पहाटे चार. सहावी फेरी अर्धवट वाळली. आम्ही ती मोजली नाही, परत केली. थंड ओव्हनमध्ये सकाळी मुंग्यांची रांग होती, दोन बीकरमध्ये आठ-दहा बुडालेल्या. ग्लायसिन चवीला गोडसर असतं हे मुंग्यांना आमच्याआधी कळलं. ते दोन्ही बीकर फेकले. ओव्हनच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, दुभत्याच्या कपाटाला ठेवतात तशा.

२६ जुलै

आठ फेऱ्या पूर्ण. मिश्रण आता फिकट पिवळं आणि घट्ट, बीकर उलटा केला तरी दहा-बारा सेकंद हलत नाही.

टायट्रेशन : नुसतं ग्लायसिन ४.९५. मिश्रण... आकडा थांबेचना. ४.२ वर गुलाबी आला, अर्ध्या मिनिटात गेला. ४.३ वर आला, गेला. ४.४, पुन्हा तेच. मुलाला वाटलं ब्युरेट गळतेय. त्याने ब्युरेटच्या तोटीला ग्रीस लावलं, ब्युरेट बदलली, तिसऱ्या नमुन्यालाही तेच.

२८ जुलै

कारण सापडलं. नमुन्यात एस्टर आहेत. अल्कली घालतो तसे ते तुटत जातात, तुटताना नवं आम्ल सोडतात, ते आम्ल अल्कली खातं. म्हणून गुलाबी पळतो. म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला.

उपाय सोपा आहे : टायट्रेशनच्या आधी नमुना ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला तासभर ठेवायचा. सगळे एस्टर एकदाचे तुटू द्यायचे. अमाइड तेवढ्याने तुटत नाही. मग जादा अल्कली आम्लाने मारून नेहमीप्रमाणे पुढे.

३० जुलै

नुसतं ग्लायसिन ४.९५. न वाळवलेलं मिश्रण ५.०. आठ फेऱ्यांचं मिश्रण : ३.९, ३.९, ३.८५. दोन मिनिटं थांबलो, गुलाबी हलला नाही.

५.० वरून ३.९, म्हणजे बावीस टक्के अमाइन झाकलं गेलंय. मुलीने तीन वेळा आकडेमोड केली. मामांनी विचारलं, "झालं का?" म्हटलं, अजून नाही.

कारण अमाइन कमी होणं म्हणजे ते झाकलं जाणंच असं नाही. उडून गेलं असेल, करपून गेलं असेल. ते परत आणून दाखवलं तरच खरं.

४ ऑगस्ट

६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात २४ तास रिफ्लक्स. ह्याने अमाइडही तुटतो. पहिल्या प्रयत्नात ते सगळं आम्ल थेट अल्कलीने उदासीन करायला घेतलं. शेकडो मिली अल्कली ओतून त्यात एक मिलीचा फरक शोधायचा, हा मूर्खपणा होता. आकडे ३.२ ते ६.१ पर्यंत कुठेही. दोन नमुने वाया.

७ ऑगस्ट

ह्या वेळी आम्ल आधी वॉटर बाथवर फ्यूम कपाटात उडवून दिलं, थोडं पाणी घालून परत उडवलं, असं तीन वेळा. मग टायट्रेशन. ४.८.

३.९ वर गेलेलं अमाइन ४.८ पर्यंत परत आलं. राहिलेले ०.२ बहुधा बीकर बदलताना काचेला राहिले. ते करपलं नव्हतं, बांधलेलं होतं. पहिल्या दिवसापासूनचं हे पहिलं वाक्य जे मी फळ्यावर लिहून खाली सही करायला तयार आहे.

१२ ऑगस्ट

कॉलेजात पाहुणे येणार म्हणून प्राचार्यांनी "काहीतरी दिसणारं" मागितलं. आमच्याकडे दाखवायला एक चिकट पिवळा थर आणि टायट्रेशनचे आकडे. म्हणून मुलांनी रशियन शास्त्रज्ञ ओपॅरिनचे कोअॅसर्व्हेट, म्हणजे पेशीसारखे दिसणारे सूक्ष्म थेंब, केले. किराणा दुकानातला बाभळीचा डिंक, लाडवात घालतात तोच, आणि जिलेटिन. दोन्ही पाण्यात साधारण दोन टक्के, ४० अंशांना एकत्र, मग थेंबाथेंबाने पातळ आम्ल. एका क्षणी द्रव दुधाळ होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल थेंब दिसतात, एकमेकांत मिसळणारे, फुटणारे. पेशी दिसल्याच्या थाटात सगळ्यांनी फोटो काढले. खर्च ४० रुपये, वेळ दोन तास, कौतुक सगळ्या प्रकल्पाहून जास्त. पण डिंक बाभळीने केलाय आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं. बहुवारिक, म्हणजे लांब साखळीचा रेणू, आधीच तयार आहे, आपण फक्त थेंब केलेत. मी हे पाहुण्यांना सांगितलं, पण फार कोणी ऐकलं नाही.

२६ ऑगस्ट

तिसरा संच, पडताळणीसाठी. चार फेऱ्या झाल्या. उद्या गणपती, कॉलेज बंद. मामा गावी. नमुने ओल्या अवस्थेत, झाकण लावून टेबलावर ठेवले. वाळवून ठेवायला हवे होते, पण घाई होती.

३ सप्टेंबर

गौरी-गणपती करून आलो तर झाकणाखाली पांढऱ्या धाग्यांचं जाळं. नुसत्या ग्लायसिनमध्ये गढूळपणा, मिश्रणात तर हिरवट ठिपक्यांची बुरशी. जीवसृष्टी कशी सुरू झाली असेल ह्याच्या प्रयोगात जीवसृष्टी येऊन जेवून गेली. १८७१ मध्ये डार्विनने त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात जीवसृष्टी कोमट डबक्यात सुरू झाल्याची कल्पना आहे, त्याच जागी त्याने लिहिलंय की आजच्या काळात असं द्रव्य तयार झालं तर ते लगेच गिळलं जाईल. आम्हाला एक आठवडा लागला.

सगळा संच ओतून दिला. काचेची भांडी ब्लीचने, मग डिस्टिल्ड पाण्याने. सुट्टी असेल तर नमुने कोरडेच ठेवा, ओव्हनमध्ये.

१७ सप्टेंबर

चौथा संच, आठ फेऱ्या, एकही लाईट गेली नाही. अमाइन ३.८. म्हणजे आधीचा ३.९ हा योगायोग नव्हता.

२२ सप्टेंबर

किती लांब साखळ्या आहेत हे टायट्रेशनला सांगता येत नाही. त्यासाठी रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर. पुण्यात पैसे भरून नमुना करून देतात, एका नमुन्याला १,५०० रुपये. चालवणाऱ्याने फोनवर अल्कलीचा नमुना म्हटल्याबरोबर नकार दिला. सोडियममुळे यंत्र घाण होतं, बरोबरच आहे.

मुलीच्या काकांचं आरओ फिल्टरचं दुकान आहे. तिथून सोडियम काढून टाकायला पाणी मऊ करायचं रेझिन आणलं, अर्धा किलो, फुकट. ते सोडियम रूपात असतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन हायड्रोजन रूपात आणलं, मग पाण्याने. सुरुवातीला तांबूस पाणी येतं. ते स्वच्छ होईपर्यंत, आणि लिटमस निळाच राहीपर्यंत धुवायचं. आम्हाला दीड दिवस लागला.

२५ सप्टेंबर

रेझिनचा दुहेरी फायदा झाला, आणि हा आम्ही ठरवून केलेला नाही. अल्कली दिलेला नमुना ब्युरेटमध्ये भरलेल्या रेझिनवरून सोडला की सोडियम रेझिनवर अडकतं. मोकळं अमाइन असलेलं उरलेलं ग्लायसिनही अडकतं. ज्यांचं अमाइन झाकलेलं आहे ते रेणू मात्र सरळ खाली येतात. जे हवं तेच गाळून निघतं! खाली आलेल्या पाण्याला निनहायड्रिनने काहीच रंग आला नाही, आणि ह्या वेळी रंग न येण्याचाच आनंद.

८ ऑक्टोबर

निकाल आला. ऋण आयन पद्धतीने. एकट्या लॅक्टिक-ग्लायसिन जोडीचं वस्तुमान १४७, म्हणून ऋण बाजूला, एक हायड्रोजन गमावून, १४६. आलेखात तो सगळ्यात उंच. अल्कली न दिलेल्या नमुन्यात २१८ ठसठशीत, म्हणजे दोन लॅक्टिक आणि एक ग्लायसिन. अल्कली दिल्यावर तो जवळजवळ नाहीसा. बरोबर आहे, दुसरं लॅक्टिक एस्टरनेच लटकलेलं असणार.

आणि २०३. एक लॅक्टिक, दोन ग्लायसिन. छोटा आहे, पण अल्कली दिल्यानंतरही शाबूत. मुलांनी फळ्यावर तीन घटकांच्या सगळ्या मांडण्या काढल्या आणि एस्टर असलेल्या एकेक पुसत गेली. शेवटी एकच उरली : लॅक्टिक, मग ग्लायसिन, मग ग्लायसिन, दोन्ही जोड अमाइडचे. म्हणजे त्यात ग्लायसिनला ग्लायसिन जोडलेलं आहे, खरा पेप्टाइड बंध, ८५ अंशांना, ज्या तापमानाला नुसतं ग्लायसिन आठ फेऱ्यांत ४.९५ वरून हललं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, ब्लँक पाठवलाय ना?"

नव्हता पाठवला. तीन नमुन्यांचे पैसे नव्हते, म्हणून अल्कलीसह आणि अल्कलीविना असे दोनच पाठवले होते.

१० ऑक्टोबर

आतापर्यंतचा खर्च ६,८४० रुपये, त्यातले ३,००० मास स्पेक्ट्रोमीटरचे. विभागाचे पैसे संपले. ब्लँकचे १,५०० मी घातले. ब्लँक म्हणजे न वाळवलेलं मिश्रण, त्यालाही तासभर अल्कली, तेच रेझिन, तीच ब्युरेट, तसंच पाणी.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीतच ब्लँकचा निकाल मेलवर आला. २०३ नाही. २१८ नाही. १४६ मात्र आहे, वाळवलेल्या नमुन्याच्या मानाने अगदी बारीक, पण आहे.

कारण दोन असू शकतात. एक, सहा तास उकळूनही थोडे एस्टर राहिले असतील आणि मिश्रण पाठवण्याआधी दोन आठवडे फ्रीजमध्ये पडून असताना ग्लायसिनने ते पकडले असतील. दोन, रेझिनची ब्युरेट आम्ही आधीच्याच नमुन्याला वापरली होती आणि धुताना हात आखडला. मला दुसरं जास्त खरं वाटतं. मुलाला पहिलं. १० नोव्हेंबरला कॉलेज उघडलं की लॅक्टिक बारा तास रिफ्लक्स करायचं, मिश्रण त्याच दिवशी करायचं आणि ब्लँकसाठी नवं रेझिन भरायचं. रेझिन अजून पाऊण डबा शिल्लक आहे.